आधी चंदी, मग लगाम

घोडा शिकवणाऱ्याला मराठीत जुना शब्द आहे चाबूकस्वार. नावातच चाबूक! जनावर धाकानेच वठणीवर येतं ही समजूत किती मुरलेली आहे, ते यावरून कळतं. पण तिला विरोधही फार जुना आहे.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने अश्वविद्येवर छोटा ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याला हाताळू नये, हा त्याचा पक्का नियम. घोडा एखाद्या वस्तूला बुजला आणि तुम्ही त्याला मारलंत, तर मारही त्या वस्तूमुळेच पडला असं त्याला वाटतं आणि भीती वाढते. त्यापेक्षा आधी आपण त्या वस्तूला हात लावावा, मग घोड्याला हळूच जवळ न्यावं, असं तो सांगतो.

मला मात्र सगळ्यात मोलाचा वाटतो तो शिवाजी महाराजांनी 1670 च्या दशकात चिपळूणच्या छावणीला धाडलेला हुकूम. आत्ता दाणा-वैरण मनाला येईल तशी उधळलीत, तर भर पावसाळ्यात घोड्यांना उपास पडतील. ती मेली तर तुम्हीच मारली असं होईल, आणि मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल, असं त्यात बजावलं आहे. कोणी गवताजवळ चूल पेटवेल, कोणी तंबाखू ओढेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंजी जळून जाईल, इथवर विचार केलेला आहे. उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत पोचलेली ही काळजी वाचताना आजही मन भरून येतं. घोड्याचा मान राखायचा तर सुरुवात त्याच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातल्या चंदीपासूनच, म्हणजे दाण्यापासूनच करावी लागते.

घोडा आपल्याला किती बारकाईने पाहतो, हे बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याने दाखवलं. खूर आपटून गणितं सोडवणारा म्हणून तो गाजला होता. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्टने 1907 मध्ये उलगडा केला: खुराचे ठोके बरोबर आकड्याला पोचले की प्रश्न विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तेवढ्यावरून थांबायचा. लोकांना ती फसवणूक वाटली. मला त्यात त्याची नजर दिसते. आपण चिडून जवळ गेलो तर ते अशा जनावराला आपला हात लागण्याआधीच कळलेलं असतं.

पुढे अमेरिकेत टॉम डॉरन्ससारख्या गुराख्यांनी याच जाणिवेवर शिकवण्याची रीत उभी केली. लगामाला हलका ताण द्यायचा आणि घोड्याने एक पाऊल टाकलं की त्याच क्षणी तो सैल सोडायचा. घोड्याला उत्तर मिळतं ते त्या सैल होण्यातून.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960 चा. मुंबईत हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या. माथेरानला मोटारी चालत नाहीत, तिथे घोडा अजून रोजच्या कामाचा आहे. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर घोडा ठरवताना भावाआधी त्याचे कान पाहा. मालक तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आवळायला जवळ आला की ते मागे चिकटतात, की एक कान शांतपणे त्याच्याकडे वळतो?