भयपटातील ध्वनियोजना

संवाद वगळता भयपटात जे जे ऐकू येते त्या सगळ्याची आखणी म्हणजे ध्वनियोजना: पार्श्वसंगीत, पावलांचे आणि दारांचे आवाज, रिकाम्या खोलीची घरघर आणि मुद्दाम राखलेली शांतता. काहीतरी येणार आहे एवढे कानांना कळवत राहायचे, पण कुठून येणार हे डोळ्यांना कळू द्यायचे नाही, हे तिचे मुख्य काम.

संगीतात सर्वांत हुकमी साधन म्हणजे अगदी लगतचे दोन स्वर एकत्र वाजवणे. सा आणि कोमल रिषभ एकाच वेळी लागले की कानात खरखर उठते. २२० आणि २३३ हर्ट्झचे सूर घेतले तर सेकंदाला १३ स्पंदे, म्हणजे आवाजाचे चढउतार, पडतात. ती मोजता येत नाहीत, पण सूर स्थिरही लागत नाही. सा आणि तीव्र मध्यमाची जोडीही चालते, मात्र ती वापरून वापरून गुळगुळीत झाली आहे. व्हायोलिनचा गज घोडीजवळ, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याजवळ, फिरवला की मूळ स्वर पातळ होऊन वरचे किरटे अंश पुढे येतात. 'सायको' (१९६०) साठी संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी केवळ तारवाद्ये घेतली. न्हाणीघरातील प्रसंगाला संगीत नको, असे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचे आधी मत होते; हर्मन यांची रचना ऐकून त्यांनी ते बदलले. उलट 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये रूढ पार्श्वसंगीत नाहीच. पक्ष्यांच्या आवाजांसाठी जर्मन वादक ओस्कार झाला (Oskar Sala) यांचे ट्राउटोनियम हे विद्युतवाद्य वापरले गेले.

दचकवण्याचे तंत्र मात्र आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याआधीच्या काही सेकंदांवर जास्त अवलंबून असते. 'कॅट पीपल' (१९४२) मध्ये रात्रीच्या रस्त्यावर एक तरुणी चालते आहे, मागे दुसऱ्या स्त्रीच्या टाचांची टकटक. टकटक थांबते. प्रेक्षक कान टवकारतात, तेवढ्यात श्वापदाच्या फिसकारण्यासारखा आवाज करत बस येऊन थांबते. टकटक सुरूच राहिली असती तर बसचा आवाज तिच्यात विरला असता. बरेच चित्रपट इथेच फसतात: सुरुवातीपासून सगळेच चढ्या पातळीवर ठेवल्यामुळे ऐन क्षणी आवाजाला चढायला जागा उरत नाही. एकाच चित्रपटात असे दहा धक्के दिले की प्रेक्षक आधीच कानांवर हात ठेवून बसतो.

शांतता म्हणजे ध्वनिपट कोरा सोडणे नव्हे. तसे केल्यास यंत्र बिघडल्याचा भास होतो. म्हणून चित्रीकरणाच्या जागी सगळ्यांना गप्प उभे करून ३० ते ६० सेकंद नुसत्या जागेचा आवाज, म्हणजे रूम टोन, ध्वनिमुद्रित करतात आणि शांततेखाली तोच पसरतात. त्यातून पंख्याची किंवा फ्रीजची घरघर हळूहळू काढून घेतली तर काय बदलले ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण तो सावध होतो.

हाडे मोडल्याचा आवाज फोली कलाकार, म्हणजे चित्र पाहून असे आवाज स्टुडिओत हाताने करणारे कलाकार, सेलरीचे देठ पिळून काढतात. मायक्रोफोन जवळ हवा. लांबून घेतला तर भाजीच ऐकू येते.

खर्जातील अखंड घुमारा साधारण ३० ते ६० हर्ट्झमध्ये ठेवतात. २० हर्ट्झखालच्या ध्वनीबद्दल बरेच बोलले जाते, पण बहुतेक चित्रपटगृहांचे स्पीकर तिथवर नीट पोचतच नाहीत. मोबाइलवर तर ४० हर्ट्झचा सूर नाहीसाच होतो. त्यासाठी मिश्रणात त्याचे १६०, २००, २४० हर्ट्झचे, म्हणजे ४० च्या पटीतले, वरचे अंश मिसळतात, मग मूळ सूर नसतानाही कान तो भरून घेतो.