बिनबियांचं कलिंगड इंजेक्शनचं नव्हे

बेळगावच्या बाजारात परवा एका मावशींनी बिनबियांचं कलिंगड उचलून परत ठेवलं. "इंजेक्शन मारून बिया घालवतात गं, पोरांना नको." ही समजूत जुनी आहे, पण साफ चुकीची.

साध्या कलिंगडाच्या पेशीत गुणसूत्रांचे, म्हणजे आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांचे, दोन संच असतात, एकूण 22. कोवळ्या रोपावर कोल्चिसीन हे गुणसूत्रं दुप्पट करणारं रसायन लावून 44 वाला वाण तयार करतात. त्याचा 22 वाल्याशी संकर केला की मिळालेल्या बियाण्यात 33, म्हणजे तीन संच. तीनाची दोन भागांत सारखी वाटणी होत नाही, त्यामुळे त्या वेलाच्या फळात बी भरतच नाही. फोडीत दिसतात ते नुसते मऊ पांढरे पापुद्रे.

खानापूर-निपाणीकडे आपण बाळाला कुस्करून भरवतो, त्या बहुतेक केळ्यांतही तीनच संच असतात.