उपाशी राहिल्याने प्रोस्टेटचा कॅन्सर सुकतो का?

ऑपरेशनआधी झपाट्याने वजन उतरवलं की गाठीची रसद तुटते, हा समज अजून जात नाही. ऐकायला तो पटतो. पण तपासून पाहिला तेव्हा पुरावा उलटाच निघाला.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत ४० जादा वजनाचे रुग्ण होते. काहींनी ऑपरेशनआधी आहार-व्यायामाने वजन घटवलं. काढलेल्या गाठीत केआय-६७ तपासलं गेलं. हे प्रथिन विभाजनाच्या तयारीतल्या पेशींत सापडतं; स्लाइडवर त्यांची केंद्रकं तपकिरी दिसतात, ती मोजून टक्केवारी काढतात. वजन घटवणाऱ्या गटात ती कमी नव्हे, जास्त निघाली. म्हणून वजन घटवल्याने कॅन्सर भडकतो, असंही नाही: रुग्ण मोजके, अवधी काही आठवड्यांचा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं आणि कॅन्सरच्या तपासणीत मोजलं जाणारं प्रथिन; त्याच्या आकड्यावरूनही फसगत होते. लठ्ठ माणसात रक्तद्रव जास्त असल्याने पीएसए पातळ होऊन कमी दिसू शकतं. वजन उतरल्यावर आकडा किंचित चढला, तर तो गाठीमुळेच चढला असं लगेच धरू नये.

मग वजन घटवायचं कशाला? भूल सोपी जाते, ओटीपोटात सर्जनला जागा मिळते, जखमेचा त्रास कमी होतो. आठवड्याला अर्धा ते एक किलो पुरे. कडक उपासाने स्नायू झिजतात आणि जखम भरायला प्रथिनं अपुरी पडतात. वजनासाठी ऑपरेशनची तारीख परस्पर पुढे ढकलू नका.