लॅबमधल्या जुन्या प्रोफाइलचा प्रश्न कुठून आला

बडोद्यातल्या ज्या कॉलेजांत प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचे लॉगिन मिळते, तिथे लॅबच्या संगणकावर सी ड्राइव्हमधले ‘युझर्स’ फोल्डर अ‍ॅडमिन म्हणून उघडून पाहावे. रोल नंबरांची लांबलचक रांग दिसते, म्हणजे एकेका लॉगिनच्या फाइली आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या प्रोफाइल, आणि त्यातली कितीतरी मुले केव्हाच पास होऊन गेलेली असतात. कुणाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये आधारची स्कॅन प्रत आणि डिजिटल गुजरात पोर्टलवर भरलेला शिष्यवृत्तीचा अर्ज, तर कुणाच्या डेस्कटॉपवर दांडिया बाजारातल्या मंडळाची गणेशोत्सवाची मराठी पत्रिका.

विंडोज ९५ मध्ये स्वतंत्र प्रोफाइल ऐच्छिक होती. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये मात्र लॉगिन केले की प्रोफाइल तयार होणारच. ती आधी ‘विनएनटी’ फोल्डरच्या पोटात राही, विंडोज २००० पासून ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये गेली आणि २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ‘युझर्स’मध्ये आहे. घर बदलले, स्वभाव तोच राहिला. पहिल्या लॉगिनला मूळ नमुन्याची प्रत निघते, त्या माणसाची सगळी सेटिंग्ज ‘एनटीयुझर डॅट’ या फाइलमध्ये साठतात आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, ‘प्रोफाइललिस्ट’खाली वेगळी नोंद होते.

या दुहेरी नोंदीमुळेच साफसफाई अवघड झाली. जागा संपली म्हणून नुसते फोल्डर उडवले, तर रजिस्ट्रीतली नोंद मागे राहते. तोच विद्यार्थी परत आला की त्याला तात्पुरती प्रोफाइल मिळू शकते, आणि तिच्यात ठेवलेले सगळे लॉगआउट करताच नाहीसे होते. रात्री जागून केलेला प्रोजेक्ट असा गेलेल्या मुलाला काय सांगायचे? फोल्डर आणि नोंद दोन्ही एकदम काढणारे ‘डेलप्रॉफ’ हे साधन मायक्रोसॉफ्टने रिसोर्स किट या अ‍ॅडमिनसाठीच्या साधनसंचातून दिले. पुढे हेल्गे क्लाइन या प्रोग्रामरचे मोफत ‘डेलप्रॉफ२’ अ‍ॅडमिन मंडळींत रुळले.

व्हिस्टाबरोबर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे अनेक संगणकांना एकदम नियम लावण्याच्या व्यवस्थेत, एक नवी सोय आली: ठरावीक दिवसांहून जुन्या प्रोफाइल संगणक रीस्टार्ट होताना आपोआप काढून टाकायच्या. काम संपले असे वाटले, पण ‘जुनी’ कशाला म्हणायचे हेच पक्के नव्हते. वय मोजायला ‘एनटीयुझर डॅट’ची शेवटची तारीख धरली जाई, आणि अपडेट किंवा अँटिव्हायरस त्या फाइलला हात लावून जाई. परिणामी वर्षभर कुणी न उघडलेली प्रोफाइलही कालची दिसे. मग प्रोफाइल केव्हा उघडली-मिटली (लोड-अनलोड) याच्या रजिस्ट्रीतल्या वेळा वाचणाऱ्या स्क्रिप्ट लोक स्वतः लिहू लागले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा तिढा हाच आहे, कारण तारीख चुकली तर गरजेचे जाते आणि नकोसे राहते.

हार्ड डिस्कच्या जागी लहान एसएसडी आल्यावर जागा संपत आल्याची लाल पट्टी लवकर दिसू लागली. २०१६ साली विंडोज १० मध्ये सामायिक संगणकासाठी खास मोड आला. त्याचे मूळ आकडे असे: मोकळी जागा २५ टक्क्यांखाली गेली की सर्वांत जास्त काळ न वापरलेल्या खात्यापासून काढायला सुरुवात, ५० टक्के झाली की थांबायचे. निष्क्रियतेची अट लावली तर मुदत ३० दिवस.

इथवर सारा विचार जागेचा होता. दुसऱ्याची कागदपत्रे वर्षानुवर्षे पडून राहणे हाच धोका आहे, ही जाणीव उशिरा आली. सायबर कॅफेंसाठीच्या २०११ च्या नियमांनी कोण बसले याची नोंद किमान एक वर्ष ठेवायला लावली, पण तो भर ओळख पटवण्यावर होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने उलट बाजू मांडली: हेतू संपला की डेटा पुसायचा.

तरीही ३० दिवसांची मुदत आपल्या कॉलेजांत आहे तशी लावू नये. उन्हाळ्याची सुट्टी त्याहून मोठी असते, आणि पादरा-डभोईहून येणाऱ्या अनेकांच्या घरी संगणकच नसतो, लॅबमधला तोच त्यांचा. मुदत सत्राला धरून ठेवावी, निकाल लागल्यावर काही आठवडे द्यावेत, आणि पुसण्याआधी लॅबच्या दारावर व लॉगिनच्या पडद्यावर गुजराती, मराठी, हिंदीत तारखेसह सूचना लावावी. पेन ड्राइव्ह आणा, फाइली घेऊन जा, एवढे लिहिले तरी पुरते.