पार्श्वभूमी: महाधनेश आणि ढोलीचं झाड

जानेवारीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्गच्या रानात डोक्यावरून इंजिन धापा टाकत जावं तसा आवाज येतो. जुनी माणसं वर न बघताच सांगतात, "गरुड गेला." हा पंखांचा आवाज. पुस्तकात त्याचं नाव महाधनेश; कोकणात तो गरुड किंवा माडगरुड. काळं-पांढरं अंग, पिवळी मान, आणि केळ्याएवढ्या वाकड्या चोचीवर आणखी एक पिवळं शिरस्त्राण. लांबी तीन ते चार फूट. मानेचा, चोचीचा पिवळेपणा तो स्वतः चढवतो: शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं तेल चोचीने घासून घासून.

त्याचं प्रियाराधन मोरासारखं नाचाचं नाही. कधी दोन पक्षी हवेत समोरासमोर येऊन शिरस्त्राणं आपटतात, तो टणत्कार रानभर घुमतो. पण खरी गोष्ट फांदीवर घडते. नर गळ्यात साठवलेलं उंबर चोचीच्या टोकाशी आणतो आणि मादीपुढे धरतो. तिने घेतलं की दुसरं, मग तिसरं. दिवसचे दिवस हेच चालतं.

मादीला हे पारखून घ्यावंच लागतं. अंडी घालताना ती झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा वगैरे लिंपून दार बुजवते. उरते ती चोचीपुरती फट. आत ती पिसं गाळते, उडू शकत नाही. अंडी उबवायलाच ३८ ते ४० दिवस लागतात. एवढा काळ तिचा आणि नंतर पिल्लाचाही घास त्या फटीतूनच येतो. ढोलीचं तोंड बंद होण्याआधीची ती उंबरं म्हणजे नराची परीक्षा असते, असं मला वाटतं.

शास्त्रात हा पक्षी १७५८ साली दाखल झाला. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने त्याला दिलेल्या नावाचा अर्थ 'दोन शिंगांचा'. मुंबईकरांशी त्याचं नातं मात्र एका पिल्लामुळे जडलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली सुरू झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. १८९४ साली कारवारहून सोसायटीला महाधनेशाचं पिल्लू भेट आलं. त्याचं नाव ठेवलं विल्यम. तो १९२० पर्यंत, म्हणजे तब्बल २६ वर्षं, सोसायटीच्या कचेरीत राहिला. फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अचूक झेलायचा. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेश आहे, तिच्या इमारतीचं नावही त्याच्यावरूनच. मला मात्र तो चेंडू आठवला की वाईट वाटतं. ज्या चोचीने जोडीदारणीला उंबर द्यायचं, ती चोच २६ वर्षं चार भिंतींत राहिली.

रानात राहिलेल्यांची अडचण वेगळी. धनेशाला ढोली कोरता येत नाही. फांदी मोडून, खोड आतून कुजून ती आपोआप व्हावी लागते. त्यासाठी झाड जुनं हवं. एकदा पसंत पडलेल्या ढोलीकडे जोडी वर्षानुवर्षं परत येते. कोकणातलं बरंचसं जंगल खासगी मालकीचं, लाकूड आणि कोळशासाठी ठरावीक वर्षांनी तुटणारं. त्यातून म्हातारे बेहडे आणि आंबे वाचले ते मुख्यतः देवरायांत, देवाच्या धाकाने. अलीकडे डोंगर काजूला आणि रबराला गेले. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मनाई केली. २०२० साली तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं.

वापरातली ढोली शोधायला वर बघत बसावं लागत नाही. बुंध्याशी वाकलं तरी कळतं. तिथे रानजायफळाच्या आणि इतर रानफळांच्या बियांचा सडा असतो, आणि पाऊस पडला की त्यातूनच रोपं वर येतात.