बीटा-कॅटेनिन आणि प्लाकोग्लोबिन: नावात जवळ, कामात वेगळे

नाशिकला पदवीच्या वर्गाला पेशीजोड शिकवताना दरवर्षी उत्तरपत्रिकांत एकच गफलत सापडते: गॅमा-कॅटेनिन म्हणजे बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचेच दुसरे रूप, असे मुले लिहून मोकळी होतात. वास्तविक गॅमा-कॅटेनिन हे प्लाकोग्लोबिनचे दुसरे नाव आहे आणि ते स्वतंत्र प्रथिन आहे. बीटाचे जनुक तिसऱ्या गुणसूत्रावर, तर प्लाकोग्लोबिनचे सतराव्यावर असते. पहिल्यात 781 अमिनो आम्ले असतात, दुसऱ्यात 745.

गोंधळ होतो त्याला कारण आहे. दोघांच्याही मध्यभागी 'आर्माडिलो' नावाची तीच घडण 12 वेळा येते, आणि दोघेही कॅडहेरिनची (पेशींना एकमेकींशी चिकटवणाऱ्या प्रथिनाची) पेशीच्या आतली शेपटी धरून अल्फा-कॅटेनिनमार्फत तिला पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांशी जोडतात.

डेस्मोसोम नावाच्या पेशीजोडापाशी मात्र वाटा फुटतात. तांबट आळीत हंड्याला कडी बसवताना रिव्हेट ठोकतात, तसा हा जोड शेजारच्या दोन पेशींना ठिकठिकाणी पक्का धरतो, आणि तिथे नेहमीचा मानकरी प्लाकोग्लोबिन असतो. त्वचेत केराटिनच्या आणि हृदयात डेस्मिनच्या धाग्यांपर्यंत पेशींवरचा ताण या जोडातून पोहोचतो. म्हणूनच प्लाकोग्लोबिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत बिघाड झाला की नॅक्सॉस रोग होतो: केस जन्मापासून लोकरीसारखे, तळहात-तळपाय जाड, आणि पुढे हृदयाच्या स्नायूचा, ठोक्यांची लय बिघडवणारा विकार. ग्रीसमधल्या ज्या बेटावर तो प्रथम ओळखला गेला, त्याचेच नाव त्याला मिळाले आहे.

बीटाची खरी ओळख संदेशवहनात आहे. जोडाबाहेर मोकळे असलेले बीटा-कॅटेनिन एपीसी व ॲक्सिन ही प्रथिने आणि दोन कायनेज (फॉस्फेट जोडणारी विकरे) यांचा गट एरवी सतत नष्ट करवत असतो. बाहेरून विंट या संदेशवाहक प्रथिनाचा संदेश आला की हा गट थंडावतो, बीटा साचते, केंद्रकात शिरते आणि टीसीएफ या डीएनएला चिकटणाऱ्या प्रथिनांना धरून जनुके चालू करते. प्लाकोग्लोबिनही टीसीएफला धरू शकते, पण जनुके चालू करण्याची त्याची ताकद बीटाच्या मानाने फार कमी पडते. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसीच बिघडलेले आढळते, त्यामुळे संदेश नसतानाही बीटा साचत राहते.

पॅथॉलॉजीची काच पाहणाऱ्यांना हा फरक डोळ्यांनी दिसतो. बीटासाठी रंगवलेल्या निरोगी आतड्यात पेशींच्या कडेने बारीक तपकिरी रेघ असते. एपीसी बिघडलेल्या गाठीत तोच तपकिरी रंग केंद्रकात भरलेला असतो.