रॉकी माउंटन पेनस्टेमन (बागेतील लागवड)

रॉकी माउंटन पेनस्टेमन हे अमेरिकेतील वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या राज्यांच्या डोंगराळ भागातले बहुवर्षायू रानफूल आहे. शास्त्रीय नाव पेनस्टेमन स्ट्रिक्टस. कुल प्लँटॅजिनेसी (पूर्वी स्क्रोफ्यूलॅरिएसी). जॉर्ज बेंथॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४६ मध्ये या जातीचे वर्णन केले. पेनस्टेमन प्रजातीत सुमारे २८० जाती असून त्या जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेतल्याच. त्यांपैकी बागेत सर्वांत सहज रुळणाऱ्या मोजक्या जातींत हिची गणना करावी लागेल.

रानात ती सेजब्रश या झुडपाची माळराने, पिन्यॉन पाइन आणि जुनिपर या झाडांची खुरटी जंगले आणि पाँडेरोसा पाइनमधल्या उघड्या जागा इथे आढळते. जमिनीलगत गर्द हिरव्या, चकचकीत पानांचा दाट झुबका असतो आणि तो बहुधा हिवाळ्यातही हिरवा राहतो. मे अखेरीपासून जुलैपर्यंत त्यातून ६० ते ९० सेंमी. उंचीचे ताठ दांडे निघतात. फुले दांड्याच्या एकाच अंगाला लागतात. एखादे फूल उघडून पाहिले तर आत पाच केसर दिसतात. त्यांतल्या चौघांच्या परागकोशांवर लोकरीसारखे लांब केस असतात. पाचवा वंध्य, त्यावर परागकोशच नसतो. फुलाच्या नळीचे तोंड भुंग्याला आत शिरता येईल इतके रुंद असते. भुंग्यांखेरीज स्युडोमसारिस व्हेस्पॉइडिस ही परागभक्षी गांधीलमाशीही या फुलांवर येते. ती आपल्या पिल्लांसाठी मुख्यतः पेनस्टेमनचेच पराग साठवते.

लागवडीत सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा निचऱ्याचा. हे झाड थंडीने सहसा दगावत नाही. उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी ते सोसते. ते दगावते बुडाशी साचलेल्या ओलीने, विशेषतः हिवाळ्यात. म्हणून वाळूमिश्रित किंवा मुरमाड जमीन आणि शक्यतो उताराची, दिवसभर उन्हाची जागा निवडावी. चिकणमाती असेल तर खडी मिसळून वाफा उंच करावा. बुडाभोवती सालीचे किंवा पालापाचोळ्याचे आच्छादन घालू नये, बारीक खडीचा थर द्यावा. शेणखत, कंपोस्ट, रासायनिक खत यांची गरज नसते. सकस जमिनीत दांडे भराभर वाढतात, पण ठिसूळ होऊन लोळतात आणि झाडाचे आयुष्यही घटते. इतर फुलझाडांच्या सवयीने केलेली निगा इथे उलट नडते, हे नव्या बागकाराला आधीच सांगायला हवे.

दुष्काळ सोसण्याची ताकद मात्र पहिल्या दिवसापासून नसते. रोपाची मुळे खोल जाईपर्यंत, म्हणजे पहिला उन्हाळाभर, आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे आणि मधल्या काळात वरची माती पूर्ण सुकू द्यावी. पुढच्या वर्षापासून दीर्घ उघडीप पडली तरच पाणी द्यावे. कोलोरॅडोतील डेन्व्हर शहराच्या परिसरात वर्षाकाठी पाऊस आणि बर्फ मिळून ४०० मिमी.हूनही कमी पाणी पडते, तरी तिथल्या बागांत हे झाड चांगले फुलते. कमी पाण्याच्या बागेची ‘झेरिस्केप’ ही कल्पना १९८१ मध्ये डेन्व्हरच्याच पाणीपुरवठा संस्थेने पुढे आणली आणि तिथल्या अशा बागांत हे फूल हमखास दिसते.

बी रुजायला ओलसर थंडी लागते. सोपा मार्ग म्हणजे शरद ऋतूच्या अखेरीस बी उघड्यावर पेरून वर मातीचा अगदी पातळ थर द्यावा. बाकीचे काम हिवाळा करतो. घरात करायचे असेल तर ओलसर वाळूत मिसळून सहा ते आठ आठवडे शीतकपाटात ठेवावे. पहिल्या वर्षी नुसती पाने येतात, फुले बहुधा दुसऱ्या वर्षी. दोन रोपांत ४५ सेंमी. अंतर ठेवावे. आडव्या फुटव्यांना मुळे फुटलेली असतील तर ते वेगळे काढूनही नवे रोप मिळते. रानातले झाड उपटून आणू नये: ते क्वचितच जगते आणि तिथला बीजसाठा कमी होतो.

रोपवाटिकांत ‘बंडेरा’ हा वाण सर्रास मिळतो. न्यू मेक्सिकोतील लॉस लुनास येथील सरकारी वनस्पती केंद्राने तो १९७३ मध्ये प्रसारित केला. रस्त्याकडेच्या उघड्या उतारांवर माती धरून ठेवण्यासाठीही तो पेरतात.

बहर ओसरल्यावर बहुतेक दांडे बुडाजवळून छाटावेत, म्हणजे झाडाची ताकद बी धरण्यात जात नाही. मात्र एक झाड काही वर्षांतच थकते, म्हणून दोन-तीन दांडे राखावेत. बोंडे तपकिरी होऊन टोकाशी उकलू लागली की बी तयार झाले असे समजावे. वाळलेल्या बोंडांना उग्र दर्प येतो, तेव्हा ती घराबाहेरच चोळावीत. कोरड्या जागी ठेवलेले बी काही वर्षे टिकते. शेजारी जवळच्या नात्यातल्या दुसऱ्या पेनस्टेमन जाती असतील तर संकर होऊन रोपांचा रंग आणि उंची बदलू शकते. शुद्ध जात राखायची असेल त्याने एकच जात लावावी.